रशियन फाइलीतले मोठे शब्द आणि बारीक अक्षरं

डॉक्टर, नमस्कार.

आम्ही मूळचे सांगलीचे. यजमान औषध कंपनीत आहेत, त्यामुळे गेली पाच वर्षं मॉस्कोत राहतो. मुलगा इथेच झाला, आता साडेतीन वर्षांचा आहे. दीड महिन्यात कायमचं पुण्याला यायचं ठरलंय, म्हणून पोलिक्लीनिकमधून त्याच्या फाइलीची प्रत काढून घेतली. आजवर तपासणीला गेलो की डॉक्टरबाई शेवटी ‘व्स्यो खराशो’ म्हणायच्या, म्हणजे सगळं छान, आणि आम्ही घरी यायचो. परवा फाइलीची पानं मोबाइलच्या भाषांतरात घातली आणि हातपाय गार पडले. एक महिन्याचा असताना ‘पेरिनेटल एन्सेफॅलोपॅथी’ लिहिलंय. हृदयाच्या सोनोग्राफीपुढे ‘मर्यादित कंपनी २ मिमी’ असं काहीतरी येतंय. मागच्या हिवाळ्यात ‘अँजायना’. टीबीच्या चाचणीत ७ मिमी. आणि प्रत्येक वर्षी ‘आरोग्य गट दुसरा’, पहिला कधीच नाही. आमच्यापासून काही लपवलं का? पुण्यात आल्याआल्या मेंदूचा एमआरआय करून घेऊ का? घरी अजून कुणाला बोलले नाहीये. सोबत चौदा फोटो पाठवते.

– एक आई

*

तुमचे चौदाही फोटो पाहिले, दोनदा पाहिले. आधी उत्तर सांगते. एमआरआयची गरज मला दिसत नाही. तुमच्यापासून कुणी काही लपवलेलं नाही. पण त्याचे कान तपासून घ्या, आणि त्यासाठी पुण्याला यायची वाट बघू नका. कानांचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि तो का नाही हेही मला कळतंय. ज्या शब्दांनी तुमची झोप उडवली ते सगळे छापील आहेत, मशीनला वाचता आले. कानाबद्दलच्या दोन ओळी हाताने लिहिलेल्या आहेत.

मी वैद्यकी रशियातच शिकले. पहिलं वर्ष भाषेचं, मग सहा वर्षं वैद्यकाची. तिथे बालरोगाची शाखा पहिल्या वर्षापासूनच वेगळी असते. तेव्हा या फायली मी लिहिल्याही आहेत, आणि त्या लिहिण्यामागची रीत जवळून पाहिली आहे. ती रीत एकदा कळली की अर्धी भीती तिथेच जाते.

तुमच्या हातात आहे तो ‘फॉर्म ११२’. पहिल्या पानावर त्याचं नाव आहे: ‘इस्तोरिया रझवीतिया रेब्योंका’, म्हणजे मुलाच्या वाढीचा इतिहास. आजाराचा इतिहास, ‘इस्तोरिया बलेझ्नी’, ही वेगळी फाइल असते आणि ती रुग्णालयात भरती झाल्यावर उघडतात. तुमच्याकडची फाइल मूल निरोगी आहे हे गृहीत धरून, त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी उघडलेली आहे. बाळ घरी आलं की पहिल्या काही दिवसांत डॉक्टर आणि नर्स घरी येऊन बघून जातात, तुमच्याकडेही आल्या असतील. मग वर्षभर दर महिन्याला तपासणी. एक महिन्याचं झालं की मेंदूविकारतज्ज्ञ, सर्जन, डोळ्यांचे डॉक्टर असे सगळे त्याला बघतात, आणि डोकं, हृदय, पोट, खुब्याचे सांधे यांची सोनोग्राफी होते. तक्रार असो वा नसो, प्रत्येक बाळाची. आपल्याकडे टाळूतून मेंदूची सोनोग्राफी डॉक्टरांना काही शंका आली तरच करतात. तिथे सरसकट. इतक्या बारकाईने शोधलं की काही ना काही सापडतं, आणि सापडलं की ते लिहावं लागतं.

म्हणूनच दुसरा गट. गट पाच असतात. ज्याच्यात बोट ठेवायलाही जागा नाही तो पहिला. दीर्घ आजार नाही पण लक्ष ठेवण्यासारखं काहीतरी आहे तो दुसरा. दीर्घ आजार असलेली मुलं तिसऱ्यापासून पुढे येतात. रशियातली सर्वांत जास्त मुलं दुसऱ्याच गटात असतात. तुमच्या मुलाच्या गटाशेजारी व्यायामाचा गट ‘ओस्नोव्नाया’ लिहिलाय, म्हणजे नेहमीचा. त्याला खेळायला, पळायला कसलीच मनाई नाही. तो शब्द मशीनने ‘मुख्य’ असा केला असेल आणि तुम्ही पुढे गेला असाल.

आता तो भयंकर शब्द. ‘पेरिनाताल्नाया एन्त्सेफालोपातिया’. शब्दाची फोड केली तर ‘जन्माच्या आगेमागे मेंदूला काहीतरी झालं’ एवढंच हाती लागतं. काय झालं, किती झालं, कशाने झालं, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही. सोव्हिएत काळापासून हे निदान एखाद्या मोठ्या छत्रीसारखं वापरलं गेलंय. बाळाची हनुवटी थरथरते, हातपाय आवळलेले वाटतात, झोप तुटक आहे, दूध फार ओकतं, यातलं काहीही दिसलं की ही छत्री उघडायची. आंतरराष्ट्रीय रोगसूचीत या नावाचा स्वतंत्र आजार नाही, आणि हे निदान गरजेपेक्षा फार जास्त केलं जातं असं रशियातलेच डॉक्टर वर्षानुवर्षं म्हणत आलेत. तुमच्या मुलाच्या पानावर पुढे ‘गिपेरतोनुस’ आहे, म्हणजे स्नायूंचा ताण जास्त. नवजात बाळाच्या मुठी वळलेल्या आणि पाय पोटाशी घेतलेले असतात. तीन-चार महिन्यांपर्यंत हा ताण निसर्गानेच दिलेला असतो. एका महिन्याच्या बाळात तो नसता तर मला जास्त काळजी वाटली असती.

पण नुसतं ‘हा शब्द पोकळ आहे’ म्हणून मी तुम्हाला सोडणार नाही. काही बाळांच्या बाबतीत तो पोकळ नसतो. जन्मताना खरंच प्राणवायू कमी पडला असेल तर त्याच्या खुणा फाइलीत इतरत्र असतातच, म्हणून मी त्या शोधल्या. प्रसूतिगृहातून घरी सोडतानाचं पान बघा, ज्याच्यावर ‘विपिस्नोय एपिक्रीझ’ लिहिलंय. एपिक्रीझ म्हणजे सारांश, त्यात क्रायसिससारखं काही नाही. त्यावर आहे: ३९ आठवडे, वजन ३२८० ग्रॅम, ‘लगेच रडला’, अपगार (जन्मताच बाळाच्या स्थितीला दहापैकी देतात ते गुण) ८ आणि ९. ही एकच ओळ त्या छत्रीपेक्षा जास्त बोलते. झटक्यांसाठी ‘सुदोरोगी’ असा शब्द असतो, तो मी पानापानावर शोधला, कुठेही नाही. मग वाढीच्या नोंदी: मान दीड महिन्यात, बसला साडेसहाव्या महिन्यात, चालला साडेअकराव्या महिन्यात. डोक्याचा घेर दर महिन्याला त्याच्या रेषेवरूनच चढत गेलाय. आणि वर्षाचा झाल्यावर त्याच मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी ‘बे ओ’ अशी दोन अक्षरं लिहिलीत. ‘बेझ ओसोबेन्नोस्तेय’, विशेष काही नाही. छत्री त्यांनीच मिटवली. ती मिटल्याचं मशीनने तुम्हाला सांगितलं नाही, कारण सुट्या दोन अक्षरांचं भाषांतर होत नाही.

महिनाभर जे ‘पांतोगाम’ सरबत दिलंत त्याबद्दलही विचारता विचारता तुम्ही थांबलात असं वाटलं. तिथे ते खूप लिहून देतात, आपल्याकडे लहान बाळांना देण्याची रीत नाही. ते कधीच थांबलंय. पुण्यातल्या डॉक्टरांना नाव सांगून ठेवा, तेवढं पुरे. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध तुम्ही दिलंत, त्यात तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही.

‘मर्यादित कंपनी’ची गोष्ट अशी. ‘ओ ओ ओ’ ही तीन अक्षरं रशियात दुकानाच्या पाटीवर दिसली तर मर्यादित जबाबदारीची कंपनी, आणि हृदयाच्या सोनोग्राफीत दिसली तर ‘ओत्क्रीतोये ओवाल्नोये ओक्नो’, उघडी लंबगोल खिडकी. पोटातल्या प्रत्येक बाळाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमध्ये ही झडप असते, जन्मानंतर हळूहळू मिटते. सुमारे चौघांत एका मोठ्या माणसात ती पूर्ण मिटलेली नसते आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. दोन मिलिमीटर म्हणजे नगण्य. वर्षाच्या सोनोग्राफीत ती नोंद नाहीच, म्हणजे मिटली.

‘अंगीना’ म्हणजे टॉन्सिलचा संसर्ग, बस्स. आपण ज्याला अँजायना म्हणतो त्या हृदयाच्या दुखण्याला रशियनमध्ये ‘स्तेनोकार्दिया’ म्हणतात. हा गैरसमज भल्याभल्यांचा होतो, त्यामुळे अवघडू नका.

टीबीच्या चाचणीचं मात्र नीट समजून घ्या, कारण पुण्यातही कुणीतरी ७ मिमी वाचून भुवया उंचावेल. रशियात प्रसूतिगृहातच बीसीजी टोचतात आणि वर्षाचं झाल्यापासून दरवर्षी मांटू चाचणी करतात. आपण बीसीजी देतो, पण निरोगी मुलाची दरवर्षी मांटू करत नाही, त्यामुळे इथे ‘मांटू’ शब्दालाच आजाराचा वास येतो. तिथल्या मोजणीत ५ मिमी आणि वर म्हणजे ‘पॉझिटिव्ह’. पण बीसीजी घेतलेल्या मुलात एक-दोन वर्षं अशी गाठ येणं लसीमुळेच असू शकतं, आणि लसीमुळे असेल तर ती वर्षागणिक लहान होत जाते. तुमच्याकडे पहिल्या वर्षी ७, दुसऱ्या वर्षी ६, तिसऱ्या वर्षी ४ आहे. उतरतं माप. उलट झालं असतं, म्हणजे एका वर्षात माप एकदम चढलं असतं, तर तिथे त्याला ‘विराझ’ म्हणतात आणि मग पुढच्या तपासण्या लागल्या असत्या. हे तिन्ही आकडे एकत्रच दाखवा, एकटा ७ दाखवू नका.

एक साधी किल्ली देते, ती यजमानांनाही शिकवा. रशियन भाषेत आपला ‘ह’ नाही, त्यामुळे परक्या शब्दातल्या ‘ह’चा बहुतेक वेळा ‘ग’ होतो. हिमोग्लोबिनचं गेमोग्लोबिन, हिपॅटायटिसचं गेपातित, हायपोक्सियाचं गिपोक्सिया. हे लक्षात घेऊन शब्द मोठ्याने वाचला की निम्मे शब्द आपोआप ओळखीचे होतात. आणि निदानाशेजारी एक अक्षर आणि काही आकडे असतील, जसं ‘जे ०६.९’, तर तो आंतरराष्ट्रीय रोगसूचीचा क्रमांक असतो. ‘जे ०६.९’ म्हणजे ‘ओरवी’, साधी विषाणूजन्य सर्दी. तुमच्या फाइलीत हा क्रमांक नऊ वेळा आलाय. किंडरगार्टनमधल्या पहिल्या हिवाळ्याला शोभेल असाच आकडा आहे तो. पुण्यातल्या डॉक्टरांना रशियन येत नसेल, हा क्रमांक वाचता येईल.

मशीनच्या भाषांतरात विचित्र वाटलेली काही वाक्यं तुम्ही पेन्सिलीने अधोरेखित केलीत. ‘झेव स्पकोयेन’, घसा शांत आहे: लाली नाही. ‘स्थिती समाधानकारक’: आपल्या कानाला हे ‘ठीकठाक’सारखं लागतं, पण तिथल्या मोजपट्टीवर त्याच्या वर काही नाही, खाली ‘मध्यम गंभीर’ आणि ‘गंभीर’ आहेत. ‘पुएरिल्नोये श्वसन’: लहान मुलाच्या छातीतून येतो तसा आवाज, म्हणजे नॉर्मल. ‘झरा १ बाय १ सेंमी’ वाचून तुम्ही मोठं प्रश्नचिन्ह काढलंय. ‘रोद्निचोक’ म्हणजे खरंच छोटा झरा, आणि रशियनमध्ये तोच शब्द बाळाच्या टाळूला आहे. टाळूखाली झऱ्यासारखं काही उडताना जिने पहिल्यांदा पाहिलं तिनेच हे नाव ठेवलं असावं असं मला विद्यार्थिदशेपासून वाटत आलंय.

रक्ताचे आकडे बघताना एकक बघा. गेमोग्लोबिन ११२ म्हणजे लिटरमागे ग्रॅम. दहाने भागलं की आपलं ११.२. ठीक आहे, पण काठावर आहे, लोह कमी पडत नाही ना ते पुण्यात विचारा. जन्मानंतरची कावीळ २०५ लिहिलीय, ती मायक्रोमोलमध्ये. सतराने भागलं की १२, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्याच बाळांची असते तेवढीच. रक्तगट ‘तिसरा, अधिक’ म्हणजे बी पॉझिटिव्ह. तिथे ओ, ए, बी, एबी यांना अनुक्रमे पहिला, दुसरा, तिसरा, चौथा म्हणतात.

लसींच्या पानावर ‘व्ही’ म्हणजे मूळ डोस, ‘आरव्ही’ म्हणजे बूस्टर. ‘आकादेएस’ ही आपली त्रिगुणी: कोक्ल्यूश डांग्या खोकला, दिफ्तेरिया घटसर्प, स्तोल्ब्न्याक धनुर्वात. ‘कोर’ गोवर, ‘पारोतीत’ गालगुंड, ‘क्रास्नूखा’ रुबेला. या शेवटच्या तिन्हींचा एकच डोस झालाय, बाराव्या महिन्यात. तिथल्या वेळापत्रकात दुसरा डोस सहाव्या वर्षी असतो, त्यामुळे तिथे तो वेळेवर आहे. आपल्याकडे गोवराचा दुसरा डोस दोन वर्षांच्या आत होतो. पुण्यात आल्यावर सहा वर्षांचा व्हायची वाट न बघता हा डोस आणि टायफॉइडची लस याबद्दल पहिल्या भेटीतच बोला. टायफॉइडची लस रशियाच्या नेहमीच्या वेळापत्रकात नसते.

सगळेच शब्द सोडून देण्यासारखे असतात असं मात्र या पत्राच्या इतर वाचकांनी समजू नये. ‘सुदोरोगी’, ‘एपिलेप्सिया’, ‘पोरोक सेर्त्सा’ (‘पोरोक’चा एक अर्थ दुर्गुण असल्याने भाषांतरात हृदयाचा दुर्गुण येऊ शकतो, पण तो हृदयाच्या रचनेतला, मुलांमध्ये बहुतेकदा जन्मजात, दोष असतो), औषधाच्या किंवा लसीच्या नावापुढे ‘ओत्योक क्विंके’ म्हणजे अॅलर्जीने चेहरा-घसा सुजणं, ‘टीबीच्या रुग्णाशी संपर्क’, ‘इन्वालिद्नोस्त’ म्हणजे अपंगत्वाची नोंद: यातलं काहीही दिसलं तर ते पान वेगळं काढून पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवायचं. तुमच्या चौदा पानांत यातलं एकही नाही.

आता कान. रशियन हस्ताक्षरात ‘त’ हा इंग्रजी एमसारखा दिसतो, ‘द’ जीसारखा, ‘इ’ यूसारखा आणि ‘प’ एनसारखा. वर डॉक्टरांचा हात. मशीन तिथे हार मानतं. अकराव्या फोटोत, किंडरगार्टनच्या तपासणीच्या पानावर, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी लिहिलंय: ‘अदेनोइदी २ री पायरी, डाव्या कानात एक्सुदातिव्नी ओतीत?, एक महिन्याने पुन्हा दाखवा.’ म्हणजे नाकामागची गाठ वाढलेली आणि डाव्या पडद्यामागे पाणी साठल्याची शंका. पुढे महिन्याने दाखवल्याची नोंद नाही. तेराव्या फोटोत वाचादोषतज्ज्ञांनी लिहिलंय: ‘झे एर एर?, दोन भाषा.’ ते ‘झादेर्झ्का रेचेवोवो रझवीतिया’, बोलण्याच्या वाढीत उशीर. पुढचं प्रश्नचिन्ह म्हणजे निदान नव्हे, शंका. ही दोन पानं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खोल्यांत लिहिली गेली. कानाच्या डॉक्टरांनी बोलण्याचं पान पाहिलं नसणार, वाचातज्ज्ञांनी कानाचं. त्यांनी कारण म्हणून दोन भाषांकडे बोट दाखवलं.

घरी मराठी आणि बाहेर रशियन, यामुळे मूल बोलायला मागे पडत नाही. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. तिथल्या बाईंनी फक्त रशियन ऐकलं असेल तर त्यांना निम्मंच मूल ऐकू आलं. त्यामुळे त्याचं बोलणं कदाचित अगदी ठीक असेल. पण पडद्यामागे पाणी असेल तर मुलाला डोकं पाण्याखाली असताना येतं तसं ऐकू येतं: आवाज येतो, शब्दांच्या कडा येत नाहीत. जन्मल्यावर झालेली ऐकण्याची चाचणी तो पास झालाय, फाइलीत आहे, पण हे पाणी नंतर साठतं, त्यामुळे त्या चाचणीवर विसंबता येणार नाही. तुम्हीच आठवून बघा. मागून हाक मारली तर वळतो का? टीव्हीचा आवाज वाढवतो का? ‘आँ?’ फार करतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, घोरताना मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, विचारण्याची वाट बघू नका.

असं पाणी बहुतेकदा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून घाबरू नका. पण ओसरलं की नाही हे कुणीतरी बघायला हवं, आणि तुमच्या फाइलीत नेमकं तेवढंच राहिलंय. तीन महिन्यांनंतरही असेल आणि ऐकू कमी येत असेल तर पुढच्या उपायांचं बोलता येतं.

निघण्यापूर्वी पोलिक्लीनिकमधून दोन कागद घ्या. लसींचं सर्टिफिकेट, फॉर्म १५६, शिक्क्यासह. आणि ‘विपीस्का’, म्हणजे फाइलीचा छापील गोषवारा, फॉर्म ०२७. मूळ फाइल त्यांच्याकडेच राहते, पण प्रती आणि गोषवारा मिळणं हा तिथल्या २०११ च्या आरोग्य कायद्याने पालकांचा हक्क आहे. मॉस्कोत शहराच्या संकेतस्थळावर इलेक्ट्रॉनिक फाइलही असते. ती उतरवून घ्या, छापील अक्षरं पुण्यात कुणालाही भाषांतर करता येतील. शाळेला लसींच्या नोंदीपलीकडे यातलं काही द्यायची गरज नाही. आणि आज रात्री हे सगळं यजमानांना सांगा. इतके दिवस एकटीने उचललंत, ते पुष्कळ झालं.

कानाच्या तपासणीचं नाव दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे. पोलिक्लीनिकच्या नोंदणी खिडकीशी म्हणायचं, ‘प्रोशू नाप्राव्लेनिये ना तिम्पानोमेत्रियु’, टिम्पॅनोमेट्रीसाठी चिठ्ठी हवी. कानाला हलकेच बुच लावतात, मिनिटभरात होते, दुखत नाही. कागदावर प्रत्येक कानाचा आलेख आणि खाली एक अक्षर येईल. ए असेल तर पडदा मोकळा हलतोय. बी असेल, आलेख सपाट असेल, तर पाणी अजून आहे. दोन्ही कानांचा कागद उजेडात धरून फोटो काढा आणि मला पाठवा.